शेऱ्याचा रकाना

वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाहिरातींना मनाई करावी, हा ठराव कार्यकारिणीत एकमताने मंजूर झाला. सूचक तात्या, अनुमोदक ग्रंथपाल बाई. तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकमत ही दुर्मीळ चीज. तिथे पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरूनही तट पडतात. पण त्या आठवड्यात प्रसंगच तसा घडला होता. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा अभ्यासिकेच्या संगणकावर जुन्या प्रश्नपत्रिका शोधत होता. नोकरीच्या बातम्या देणाऱ्या कुठल्याशा साइटवर हिरवंगार ‘डाउनलोड’ बटण दिसलं, त्याने ते दाबलं आणि प्रश्नपत्रिकेऐवजी पैसे लावून रमी खेळायचं आमंत्रण पडदाभर पसरलं, गाण्यासकट. मागे बालविभागातली दोन पोरं उभी होती. त्यांना ते फार आवडलं.

गावचा एक मुलगा पुण्याला नेटवर्कचं काम करतो. लहानपणी या वाचनालयाची पुस्तकं नेऊन परत न करण्याबद्दल त्याची ख्याती होती. दिवाळीला आला तेव्हा त्याने, बहुधा जुनी बाकी फेडायची म्हणून, तळहातावर मावेल असा रास्पबेरी पाय नावाचा एक संगणक आणला, त्यावर पाय-होल बसवलं आणि राउटरशेजारी खिळ्याला अडकवून दिलं. पाय-होल हे जेकब साल्मेला याने २०१४ साली सुरू केलेलं, सर्वांना फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एकदा राउटरला सांगून ठेवलं की वायफायवरचा प्रत्येक संगणक आणि प्रत्येक मोबाइल त्याच्यामार्फतच बाहेर विचारणा करतो. मोबाइलमध्ये वेगळं काही भरावं लागत नाही.

“तात्या, ही डबी कुणाचा हात धरत नाही, फक्त पत्ता सांगते,” तो म्हणाला. “तुमच्या कचेरीच्या दारात शिपाई बसायचा ना, अमुक साहेब कुठल्या खोलीत ते सांगणारा? तसंच. ब्राउझर आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय. नाव मनाईच्या यादीत नसेल तर डबी खरा पत्ता आणून देते. असेल तर चार शून्यांचा पत्ता देते. तिथे कुणी राहत नाही, म्हणून जाहिरात येतच नाही.”

“आणि आत जाऊन कोण काय वाचतो ते?”

“ते डबीला दिसत नाही. तिला नाव दिसतं, पान दिसत नाही.”

हे शेवटचं वाक्य तात्यांनी नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच रामायण टळलं असतं.

तात्या वाचनालयाचे कार्यवाह. आयुष्य तहसील कचेरीत गेलं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आवक-जावक नोंदवही, फेरफार, हजेरीपट यांत हयात घालवलेला माणूस. त्यांना एक गोष्ट मनापासून आवडली, ती त्या मुलाने सहज सांगितलेली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नाव-पत्त्याची आजची पद्धत, म्हणजे डीएनएस, आखून दिली. त्याआधी इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलमध्ये असायचे. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळायचे. नवं नाव घालायचं तर त्यांच्या कचेरीच्या वेळेत फोन करावा लागे. यंत्रं वाढली, एका फाइलला ते पेलवेना, तेव्हा नवी पद्धत आली. गंमत अशी की पाय-होलसोबत जी तयार मनाई यादी येते, स्टीव्हन ब्लॅक यांची, ती आजही त्याच जुन्या फाइलच्या धाटणीने लिहिलेली असते: डावीकडे पत्ता, उजवीकडे नाव.

“म्हणजे एक बाई सगळ्या नेटचं रजिस्टर ठेवत होती,” तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. “आणि चूक झाली तर फोन करता येत होता.”

मुलाने जाण्यापूर्वी पडदा दाखवला. बाहेरून आणलेल्या तयार याद्या एकीकडे. हाताने घातलेली नावं दुसरीकडे, त्यांत मनाई वेगळी, मुभा वेगळी. मुभा मनाईच्या वर: एखादं नाव दोन्हीकडे असेल तर मुभाच चालते. आणि प्रत्येक नावापुढे एक मोकळा रकाना.

“हा शेरा,” तात्यांनी ओळखलं.

“तोच. भरला नाही तरी चालतं. पण भरत जा.”

कचेरीत शेरा कोरा असलेलं प्रकरण साहेब तसंच माघारी पाठवायचे, म्हणून तात्यांनी अडतीस वर्षं एकही रकाना कोरा ठेवला नाही. इथे माघारी पाठवणारं कुणी नव्हतं. ‘भरला नाही तरी चालतं’ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. मला विचाराल तर या गोष्टीत खलनायक कुणी असेलच तर ते हे चार शब्द.

पहिले पंधरा दिवस सोन्याचे. पानं झटकन उघडू लागली, रमी गेली, झटपट कर्ज देणारे गेले, पोटाचा घेर कमी करणारे गेले. पाय-होलच्या मुखपृष्ठावर एक आकडा असतो: आलेल्या विचारणांपैकी किती टक्के अडवल्या. तात्या रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की तो आकडा बघत. आकडा जितका मोठा तितकं काम चांगलं, असा त्यांनी समज करून घेतला. पुतण्याने कुठून कुठून आणखी याद्या आणून दिल्या. लाखाच्या घरातली नावं वीस लाखांच्या पुढे गेली. आकडाही चढला. तो चढण्याचं एक कारण असं की अडवलेली ॲपं गप्प बसत नाहीत. पत्ता मिळाला नाही की पुन्हा विचारतात, मिनिटामिनिटाला विचारतात. एकाच मोबाइलचं एकच ॲप रात्रभर शेकडो वेळा अडवलं गेलं की ते सगळं त्या टक्केवारीत धरलं जातं. तात्यांना ते शेकडो वेगवेगळे चोर वाटले.

मग ते हाताने नावं घालू लागले. अभ्यासिकेत क्रिकेटचा स्कोअर बघताना एक जण सापडला. ती साइट बंद. कपडे विकणारी बंद. सिनेमाची तिकिटं बंद. यूट्यूबवर व्याख्यानाच्या आधी येणाऱ्या जाहिराती काही केल्या जाईनात, म्हणून त्यांनी नोंदीत जे नाव दिसलं तेच बंद केलं. त्या जाहिराती आणि व्याख्यानं एकाच घरातून, एकाच नावाने येतात. डबीला त्यांत फरक करता येत नाही. सगळी व्याख्यानं थांबली. स्पर्धा परीक्षेची चाळीस मुलं खुर्च्या मागे सारून काउंटरवर आली. तासाभरात तात्यांनी ते नाव काढलं. हा तासाभराचा हिशेब ध्यानात ठेवावा. चाळीस जण ओरडले की चूक तासाभरात सापडते.

पुढची चूक सापडायला फार दिवस लागले.

पाय-होलमध्ये एकेक नाव लिहिण्याऐवजी नमुनाही लिहिता येतो. रेगेक्स म्हणतात त्याला. नमुन्यात बसणारी सगळी नावं अडतात. आजची तर अडतातच, उद्या कुणी नवीन काढलं तर तेही. नमुना लिहिताना नाव कुठे सुरू होतं, कुठे संपतं याच्या खुणा घालाव्या लागतात. मुलाने एक उदाहरण लिहून दाखवलं होतं. तात्यांना त्यातल्या खुणा अनावश्यक वाटल्या. जाहिरातीच्या नावांत इंग्रजी ‘ए’ आणि ‘डी’ ही जोडी फार वेळा येते हे त्यांनी नोंदी वाचून हेरलं होतं. निरीक्षण खरं होतं. त्यांनी नमुन्याच्या जागी ती दोनच अक्षरं टाइप केली, मनाईचं बटण दाबलं, शेरा कोरा ठेवला आणि जेवायला घरी गेले.

आता आपल्या नेहमीच्या साइटींची स्पेलिंगं मनात आणून बघा. महाडीबीटी, जिथे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात: एम, ए, एच, मग ए आणि डी. महावितरणचं नाव महाडिस्कॉम: तेच. आधारची साइट: दोन ‘ए’ आणि लगेच डी. अकॅडमी नावाचे सगळे क्लास. हैदराबाद, अहमदाबाद, बादवर संपणारी झाडून सगळी गावं. कॅनडा देश. डाउनलोड, अपलोड, रेडिओ. आणि वाचनालयात हे सांगायला जिवावर येतं, पण वाचणे या क्रियापदाचं इंग्रजी: आर, ई, ए, डी. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे ओलंच जास्त जळालं.

अभ्यासिकेतली व्याख्यानं चालूच होती, त्यामुळे चाळीस जणांना काही कळलं नाही. अकॅडमीवाल्यांनी गुपचूप मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू केला, आणि त्यावर रमी आणि कर्जं पूर्वीसारखी सुखेनैव दिसू लागली. दोघा-तिघा हुशारांनी फोनच्या सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ घातला. तो घातला की फोन डबीला विचारतच नाही. म्हणजे ज्याला कळतं तो बाहेर पडला, ज्याच्याकडे पैसे आहेत तोही बाहेर पडला. मनाई उरली ती फक्त ज्यांच्याकडे वाचनालयाचा फुकटचा संगणक सोडून दुसरं काही नव्हतं त्यांच्यासाठी.

त्यातली एक मुलगी वाडीवरून यायची. अकरावीची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती आली तेव्हा पडद्यावर ‘या साइटपर्यंत पोहोचता येत नाही’ असं आलं. बाई म्हणाल्या, सर्व्हर बंद असेल, उद्या ये. दुसऱ्यांदा आली, तेच. तिसऱ्यांदा तेच. सरकारी साइट उघडली नाही की सर्व्हरला बोल लावायचा हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. आपल्याच घरातलं कुणी आडवं पडलं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मुलगी कुणावर ओरडली नाही. थँक्यू म्हणून जात राहिली. वाडीची एसटी पाच वाजता सुटते.

संध्याकाळी काउंटरवर एक मुलगी बसते. तलाठी भरतीची तयारी करता करता महिन्याला थोडे पैसे मिळतात म्हणून हे काम धरलेलं. पोरं तिला ताई म्हणतात, पोरांचं ऐकून सगळं गावही ताईच म्हणतं. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा ताई त्या मुलीला घेऊन समोरच्या सायबर कॅफेत गेली. पान पहिल्याच झटक्यात उघडलं. कॅफेवाल्याने छपाईचे पैसे घेतले आणि वर विचारलं, “तुमच्याकडे नेट नाही का?”

ताईने परत येऊन पाय-होलची नोंद उघडली. ही नोंद कुणालाही वाचता यावी इतकी सोपी असते: वेळ, कुणी विचारलं, कुठलं नाव विचारलं, काय उत्तर दिलं. अडवलेली ओळ लाल. महाडीबीटीची ओळ लाल होती. अडवण्याचं कारण म्हणून नमुन्याकडे बोट दाखवलेलं होतं, आणि त्या नमुन्यात अक्षरं होती दोन.

मग जी सभा झाली तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. महावितरणचं बिल भरायला बाईंना उन्हात रांगेत का उभं राहावं लागलं तेही त्याच सभेत कळलं, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढले. तात्यांकडून पासवर्ड काढून घेतला आणि दादाकडे दिला.

दादा कार्यकारिणीतला सर्वांत तरुण सदस्य. कुणालाही नाही म्हणायचं नाही हा त्याचा स्वभाव, आणि पुढेमागे नगरपालिकेला उभं राहायचं असल्यामुळे धोरणही. त्याने तात्यांचा दोन अक्षरांचा नमुना काढलाच नाही. काढायचा म्हणजे तो का घातला होता याचा विचार करावा लागला असता. त्याऐवजी जो जे मागेल ते मुभेत टाकायचं. मुभा वरचढ असते हे त्याला फार आवडलं. नाव टाकताना एक चौकोन असतो. त्यात खूण केली की त्या नावाखालची सगळी उपनावं एकदम खुली होतात. दादा ती खूण दरवेळी करायचा, म्हणजे माणूस पुन्हा विचारायला येत नाही. कुणाच्या तरी खेळाची चित्रं दिसत नव्हती म्हणून त्याने एका भल्यामोठ्या क्लाउड कंपनीचं अख्खं नाव खुलं केलं. त्या एका नावाखाली हजारो जण आपापलं सामान ठेवतात: बातम्यावाले, बँका आणि जाहिरातवालेसुद्धा. शेरा? दादाने तो रकाना आहे हेच पाहिलं नव्हतं.

पावसाळ्यापर्यंत अभ्यासिका आगीतून फुफाट्यात आली. जाहिराती परतल्या. त्यात एक प्रकार असा घडला की एका छोट्या क्लासची सराव-चाचण्यांची साइट मुभेत होती. क्लास बंद पडला, नावाचं वार्षिक नूतनीकरण कुणी केलं नाही, आणि सुटलेलं नाव सट्टेवाल्यांनी विकत घेतलं. अशी सुटलेली नावं उचलण्याचा धंदाच असतो, कारण त्या पत्त्यावर यायची लोकांना सवय झालेली असते. बाहेरच्या याद्या सांभाळणाऱ्यांनी ते नाव पकडलं. रविवारी पहाटे पाय-होल आपण होऊन त्या याद्या ताज्या करून घेतं, तेव्हा ते वाचनालयातही मनाईत आलं. पण वर दादाची मुभा बसलेली. बालविभागातल्या त्याच दोन पोरांना पुन्हा रमी दिसली, या वेळी गणिताच्या सरावाच्या नावाखाली.

“हे कुणी मागितलं होतं?” ताईने विचारलं.

“मागितलं असेल कुणीतरी,” दादा म्हणाला. आणि ते खरंच होतं.

ताईने पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, इथूनच सगळं पुसून कोरं करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. ती नको म्हणाली. कोरं केलं तर पुन्हा हेच होईल, एवढं तिला कळत होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे पाय-होलमधल्या टेलिपोर्टर या सोयीने सगळ्या मांडणीची एक प्रत काढून ठेवली, हाताने घातलेल्या नावांची छापील यादी काढली, आणि तिने जे पुढे केलं ते कुणाला सुचलं नसतं: यादी घेऊन ती तात्यांच्या घरी गेली. सभा झाल्यापासून तात्या वाचनालयात आले नव्हते.

“मला नोंदवही कशी ठेवायची ते शिकवा,” ती म्हणाली.

ओसरीवर दोघं बसले. मनाईची दोनशेच्या वर नावं, मुभेची दीडशे. तात्यांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि सवयीने आधी उजव्या टोकाला बघितलं. सगळी पानं उजवीकडून कोरी.

“हे कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

पहिलं नाव. “हे का घातलं तात्या?” आठवत नाही. दुसरं? कपड्यांचं असावं. तिसरं? गप्प. बाविसाव्या नावावर मात्र ते थांबले. बुद्धिबळ खेळायची साइट होती. हे त्यांना चांगलं आठवत होतं. अभ्यासिकेच्या पडवीत तात्यांचा बुद्धिबळाचा पट असतो. दुपारी तीन ते पाच, कुणीही यावं, बसावं. पोरं यायची बंद झाली होती. फोनवर खेळायची. तात्या पटाशी एकटे बसून दोन्ही बाजूंनी खेळायचे.

“काय लिहू?” ताईने विचारलं.

तात्यांनी पेन तिच्या हातातून घेतलं आणि रकान्यात एकच शब्द लिहिला: राग. मग त्या नावावर आडवी रेघ मारली.

त्या रात्री साडेदहापर्यंत दोघं बसले. काकूंनी दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा मागितल्यावर जेवायला वाढलं. ज्याचं कारण सांगता आलं नाही ते नाव गेलं, मनाईतलं असो की मुभेतलं. दोन अक्षरांचा नमुना गेला. क्लाउडवाल्याचं अख्खं नाव गेलं. पुतण्याच्या याद्यांपैकी एकच राहिली. दोनशेंतली एकोणीस उरली, दीडशेंतली अकरा. दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठावरचा टक्क्यांचा आकडा एकदम उतरला. तात्यांना तो बघवला नाही. ताईने तो पडदा न उघडण्याचं त्यांच्याकडून वचन घेतलं.

पद्धत ठरली ती कचेरीची. कुणी म्हणालं अमुक उघडत नाही, तर आधी अडवणं पाच मिनिटं बंद करायचं. तशी सोय त्यात असते. तरीही उघडलं नाही तर दोष आपला नाही, सर्व्हरला खुशाल बोल लावा. उघडलं तर आपला आहे. मग मागणाऱ्याला शेजारी बसवून नोंद बघायची, लाल ओळींतली नेमकी कुठली लागते ते शोधायचं. एका पानामागे सात-आठ नावं अडलेली असतात आणि बहुतेक वेळा त्यांतलं एकच कामाचं असतं. तेवढंच, पूर्ण नावाने, मुभेत घालायचं. चौकोनात खूण नाही. आणि शेरा: कुणी मागितलं, कशासाठी, तारीख, पुन्हा कधी बघायचं. मनाईलाही हेच लागू. शिवाय पाय-होलमध्ये २०२० सालच्या पाचव्या आवृत्तीपासून गट करता येतात, ते ताईने केले. बालविभागाचे दोन संगणक एका गटात, अभ्यासिकेचे चार दुसऱ्या, लोकांचे मोबाइल तिसऱ्या. रमी आणि सट्टा सगळीकडे बंद. क्रिकेट बालविभागात आणि अभ्यासिकेच्या संगणकांवर बंद. मोबाइलचं काय करायचं यावर दोघांचं पटेना, म्हणून तूर्त तिथेही बंद ठेवलं आणि शेऱ्यात लिहिलं: ‘वाद आहे.’

दादाला हे सगळं आधी कटकटीचं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की आता नाही म्हणायची वेळच येत नाही. जो येईल त्याला तो सांगायचा, “देतो की, फक्त तुमचं नाव आणि कारण लिहायचं आहे.” निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे, आणि दादावर रागवायचेही नाहीत.

खरी परीक्षा व्हायची ती श्रावणात झाली. तालुक्याच्या एका बातम्यांच्या पोर्टलवर वाचनालयाच्या अनुदानाबद्दल मजकूर आला. छताच्या दुरुस्तीचे पैसे आले, छत अजून गळतंय, असा मथळा. छत गळत होतंच. काउंटरवर बादली होती. संध्याकाळी अध्यक्ष आले. पांढरी कडक इस्त्री, हातात फोन.

“ताई, ते जाहिराती बंद करायचं यंत्र तुझ्याकडे ना? ही साइट बंद कर. आपल्या वाचनालयात बसून आपलीच बदनामी वाचायची म्हणजे काय.”

ताई नुसती उठून उभी राहिली. पलीकडे तात्या वर्तमानपत्रं फाइलला लावत होते. आता रोज येत होते.

“करते ना साहेब,” ती म्हणाली आणि पडदा उघडला. नाव टाइप केलं. मग थांबली. “शेऱ्यात काय लिहू?”

“कसला शेरा?”

“कुणी सांगितलं आणि का. ठराव झालाय तसा.”

“माझं नाव कशाला त्यात? लिही, कार्यालय.”

“बरं. कारण?”

अध्यक्षांनी जरा विचार केला. “सुरक्षा.”

“सुरक्षा हा शेरा आमच्या कचेरीत चालायचा नाही, साहेब,” तात्या फाइलमधून मान वर न काढता म्हणाले. “मोघम. कुणाची सुरक्षा, कशापासून, ते लिहावं लागायचं. मी एकदा लिहिला होता तसा. मामलेदारांनी फाइल अंगावर टाकली होती.”

बादलीत थेंब पडत होते. अध्यक्ष पडद्याकडे बघत राहिले. बाहेरच्या बाकावरचे दोघं-तिघं आत डोकावू लागले.

“छत कधी होतंय साहेब?” त्यांतल्या एकाने विचारलं. वाईट हेतूने नव्हे. त्याची खुर्ची गळतीखाली होती.

“मंजुरी झाली आहे, काम धरतोय,” अध्यक्ष म्हणाले, आणि मग ताईला, “राहू दे ते आत्ता. बघू.” ताईने टाइप केलेलं नाव पुसलं. छताचं काम पंधरवड्यानंतर धरलं गेलं. त्याचा या प्रसंगाशी संबंध होता की पुढे येणाऱ्या निवडणुकीशी, ते ठरवणं माझ्या आवाक्याबाहेर आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालाला त्या वर्षी एक पुरवणी जोडली होती: मनाई आणि मुभा, शेऱ्यांसह, दीड पान. पुस्तकखरेदीचा लाखभराचा खर्च कुणी न वाचता मंजूर केला आणि त्या दीड पानावर पाऊण तास चर्चा झाली. एका सभासदाने दोन नावांची कारणं अपुरी असल्याचं दाखवून दिलं, ती काढली. एका निवृत्त मास्तरांनी शब्दकोशाची साइट का अडते म्हणून विचारलं. ती अडत नव्हती, मास्तरांचा फोन जुना होता. मग ‘वाद आहे’ची पाळी आली. तात्यांनी क्रिकेटविरुद्ध भाषण केलं. चांगलं केलं. दादाने बाजूने केलं, त्यात देशप्रेमही आलं. हात वर करून मतं घेतली तेव्हा अठरा विरुद्ध अकरा निघाली: मोबाइलवर स्कोअर खुला, अभ्यासिकेच्या चार संगणकांवर बंद, बालविभागाचं आहे तसंच.

सभा संपल्यावर तात्या काउंटरमागे आले, ताईच्या शेजारी खुर्ची ओढली आणि शेरा स्वतःच्या हाताने टाइप केला. ठराव क्रमांक, तारीख, मतं किती विरुद्ध किती, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बघणे. शेवटी जोडलं: ‘कार्यवाहांचा विरोध नोंदवला.’ वाचून बघितलं, एक काना राहिला होता तो घातला, बटण दाबलं.

“झालं?” ताईने विचारलं.

“झालं,” तात्या म्हणाले. “बघ गं, काय स्कोअर आहे.”